नकाशावरचे दुकान : ऑनलाइन शोधातील स्थानिक व्यवसाय आणि ग्राहकांचे अभिप्राय

ज्याचे बहुतेक ग्राहक ठरावीक परिसरातून येतात, अशा व्यवसायाला स्थानिक व्यवसाय म्हणतात. किराणा दुकान, खानावळ, दवाखाना, पिठाची गिरणी, शिकवणी वर्ग, गॅरेज किंवा कोकणातील घरगुती निवास ही त्याची नेहमीची रूपे होत. अशा व्यवसायाला दूरदूरच्या लोकांना दिसून फारसा उपयोग नसतो, परंतु दोन-चार किलोमीटरच्या परिघातील माणूस गरजेच्या वेळी फोनवर शोध घेतो तेव्हा त्याच्यासमोर आपले नाव यावे आणि त्या नावाखालची माहिती वाचून त्याचा विश्वास बसावा, ही त्याची आजची निकड आहे. या प्रश्नाच्या दोन बाजू आहेत : शोधयंत्राच्या निकालात दुकान कोणत्या आधारावर वर येते ही एक, आणि ज्यांना बाजारात सरसकट ‘रिव्ह्यू’ म्हणतात त्या ग्राहक-अभिप्रायांचे मोल व विश्वासार्हता ही दुसरी. दोहोंचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, दृश्यतेचा मोठा भाग खऱ्या, पुऱ्या आणि वेळोवेळी तपासलेल्या नोंदीवर अवलंबून असतो, आणि अभिप्रायांच्या बाजारात शिरलेल्या खोटेपणाची सर्वांत मोठी किंमत प्रामाणिक लहान व्यावसायिकालाच मोजावी लागते.

महाराष्ट्रात स्थानिक शोधाची सवय इंटरनेटच्या प्रसाराआधीच लागली होती. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत ‘जस्ट डायल’ ही दूरध्वनीवरून व्यवसायांची माहिती देणारी सेवा सुरू केली, २००७ मध्ये ती संकेतस्थळाच्या रूपात आली आणि २०२१ मध्ये तिची बहुसंख्य मालकी रिलायन्स रिटेल व्हेंचर्सकडे गेली. गूगलने २००५ मध्ये ‘लोकल बिझनेस सेंटर’ या नावाने व्यवसायांची नोंद घेण्यास आरंभ केला. तीच सेवा २०१० मध्ये ‘प्लेसेस’, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ आणि २०२१ च्या अखेरीस ‘बिझनेस प्रोफाइल’ झाली. नावे बदलत गेली तरी गाभा तोच राहिला : विनामूल्य नोंद, तिच्या मालकीची पडताळणी आणि नकाशाशी जोडणी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती ही की नकाशावरील नोंद दुकानदारानेच केलेली असेल असे नाही. एखाद्या वापरकर्त्याने जागा सुचवली किंवा कंपनीला ती अन्य स्रोतांतून सापडली, तरी नोंद तयार होते आणि तिच्यावर छायाचित्रे व अभिप्राय जमू लागतात. आपल्या दुकानाविषयी गेली काही वर्षे जाहीर मते मांडली जात आहेत याची मालकाला गंधवार्ताही नसते, असे लहान गावांतच नव्हे तर शहरांच्या जुन्या पेठांतही घडते. म्हणून अशी नोंद शोधून तिच्यावर मालकी सांगणे आणि फोन, टपाल वा दुकानाची चित्रफीत यांपैकी जो मार्ग उपलब्ध करून दिला जाईल त्याने पडताळणी पूर्ण करणे, हे या कामातले पहिले पाऊल ठरते.

स्थानिक निकालांचा क्रम तीन कसोट्यांवर ठरतो, असे गूगलने स्वतः जाहीर केले आहे. शोधलेल्या शब्दांशी नोंद किती जुळते ही समर्पकता. शोधणारा माणूस आणि दुकान यांच्यामधले अंतर. आणि त्या व्यवसायाची ख्याती, म्हणजे अभिप्रायांची संख्या व सरासरी तारांकन, इतर संकेतस्थळांवरील उल्लेख आणि दुवे यांवरून अनुमानलेली त्याची प्रसिद्धी. यांतले अंतर दुकानदाराच्या हाती नाही. कोथरूडमधील शिंप्याचे दुकान हडपसरमध्ये उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या तीन नावांत दिसावे, यासाठी कितीही खटपट केली तरी ती बहुधा वाया जाते. जुलै २०१४ मध्ये या क्रमपद्धतीत, विशेषतः अंतराच्या हिशेबात, मोठा बदल झाला, ज्याला अभ्यासकांनी ‘पिजन’ असे नाव दिले. २०२१ च्या अखेरच्या बदलानंतर, ज्याला ‘व्हिसिनिटी’ म्हटले गेले, अंतराचे वजन आणखी वाढल्याचे आणि नावात शब्द कोंबून मिळणारा लाभ घटल्याचे या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी नोंदवले आहे. पैसे देऊन हा क्रम वर नेता येत नाही, असेही गूगल स्पष्टपणे सांगते. ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेल्या जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांचा या निकालांशी संबंध नसतो. ‘पहिला क्रमांक हमखास’ असे आश्वासन देऊन फोन करणारे दलाल दुकानदारांना जे विकतात ते या दोन गोष्टींच्या सरमिसळीवर बेतलेले असते, आणि त्या आश्वासनाला भुलू नये हे जितके वेळा सांगावे तितके थोडेच आहे.

दुकानदाराच्या हातात खऱ्या अर्थाने आहे ती समर्पकता, आणि तिच्यात सर्वांत निर्णायक आहे तो व्यवसायाचा मुख्य प्रकार. तो मनाने लिहिता येत नाही, ठरावीक यादीतून निवडावा लागतो. ‘रेस्टॉरंट’ असा ढोबळ प्रकार निवडण्यापेक्षा यादीतला सर्वांत नेमका प्रकार निवडावा, हा नियम साधा आहे, परंतु पोळी-भाजी केंद्र, रसवंतीगृह किंवा भिशीच्या जेवणाची घरगुती व्यवस्था अशा आपल्याकडच्या धंद्यांना त्या यादीत नेमका शब्द सापडेलच असे नाही. तेथे जवळचा प्रकार निवडून उरलेली ओळख वर्णनातून, सेवांच्या यादीतून, छायाचित्रांतून आणि ग्राहकांच्या शब्दांतून पुरी करावी लागते.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गुंतागुंतीचा आहे. गूगलच्या नियमानुसार नोंदीतील नाव प्रत्यक्ष पाटीवरील आणि व्यवहारातील नावाशी जुळले पाहिजे, आणि त्यात ‘पुण्यातील सर्वोत्तम’ किंवा ‘स्वस्त दर’ अशी पुस्ती जोडणे नियमबाह्य आहे. अशा पुस्तीमुळे संपूर्ण नोंद निलंबित होऊ शकते आणि ती परत मिळवण्यात बरेच दिवस जातात. पाटीविषयीचा राज्याचा कायदा मात्र वेगळ्या दिशेने बोलतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन कामगारसंख्येचा विचार न करता सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांना तिच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी अशा रीतीने मराठी झाली, नकाशावरील नोंद मात्र बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतच राहिली. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे यंत्राद्वारे लिप्यंतरित करून दाखवण्याची सोय जाहीर केली. तिचा लाभ मोठा आहे, तथापि रोमन लेखनावरून यंत्राने केलेल्या लिप्यंतरात ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद राखणे अवघड असते, कारण तो भेद मूळ रोमन अक्षरांतच नसतो. ‘तुळशीबाग’ हा शब्द रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिला जातो, ‘खानावळ’ तितक्याच. यावर खात्रीचा उपाय म्हणजे आपले नाव मराठी फोनवर कसे दिसते ते स्वतः पाहणे, चूक असल्यास दुरुस्ती सुचवणे, आणि वर्णन, सेवांची नावे व नोंदीवरील सूचना मराठीत व गरजेप्रमाणे इंग्रजीत अशा दोन्ही भाषांत लिहिणे. मराठीत शोधणारा ग्राहक आहे, त्याला मराठीत उत्तर देणाऱ्या नोंदी मात्र विरळ आहेत, आणि स्पर्धा इतकी कमी असलेली दुसरी जागा या क्षेत्रात आज क्वचितच सापडेल. लाखो मराठी भाषक राज्याबाहेर, बेळगाव, बडोदा, इंदूर, गोवा येथे राहतात, आणि तेथील मराठी मंडळींच्या खानावळी व दुकानांनाही हे तितकेच लागू आहे.

स्थळनामांच्या बदलाने आणखी एक पेच निर्माण केला आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हा बदल २०२४ मध्ये अमलात आला. अधिकृत पत्ता नव्या नावाचाच असावा, तथापि शोधणारे लोक, विशेषतः बाहेरगावचे प्रवासी, दीर्घकाळ दोन्ही नावे वापरत राहतील हे उघड आहे. म्हणून संकेतस्थळावरील ‘येथे कसे यावे’ या भागात जुन्या नावाचा ओघाने उल्लेख करणे शहाणपणाचे ठरते. पत्त्याबाबत मूळ तत्त्व असे की नाव, पत्ता आणि दूरध्वनी या तीन गोष्टी गूगल, जस्ट डायल, फेसबुक, स्वतःचे संकेतस्थळ आणि बिलाचा कागद यांवर एकसारख्या असाव्यात. एका ठिकाणी जुना मोबाइल आणि दुसऱ्या ठिकाणी नवा असेल तर शोधयंत्राचा गोंधळ होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ग्राहक बंद क्रमांकावर फोन करून दुसरीकडे वळतो. वाडे, गल्ल्या, वस्त्या आणि नव्याने वसलेले उपनगरी भाग येथे घरक्रमांक निरुपयोगी असतात. अशा ठिकाणी नकाशावरील खूण हाताने नेमक्या दारावर आणून ठेवणे आणि गूगलच्या नकाशात मिळणारा ‘प्लस कोड’, म्हणजे अक्षांश-रेखांशांचे छोटे सांकेतिक रूप, ग्राहकांना पाठवणे उपयोगी पडते. नळजोडणी, विद्युतकाम, घरपोच डबा अशा कामांत ग्राहक दुकानात येतच नाही. अशी कामे करणाऱ्यांनी घरचा पत्ता लपवून केवळ सेवेचे क्षेत्र दाखवावे, अशी सोय आणि नियम दोन्ही आहेत.

वेळांची नोंद क्षुल्लक वाटते, तरी तिच्यामुळे होणारा मनस्ताप मोठा असतो. दुपारी दुकान बंद ठेवून संध्याकाळी पुन्हा उघडण्याची पुण्यातील व गोव्यातील रीत नोंदीत दोन स्वतंत्र वेळा भरून दाखवता येते. साप्ताहिक सुट्टी, गणेशोत्सव, दिवाळी, गावची जत्रा आणि कोकणातील पावसाळी बंद यांसाठी विशेष वेळा भरता येतात. २०२३ च्या अखेरीस गूगलने असे मान्य केले की, शोध घेतला जातो त्या क्षणी व्यवसाय उघडा आहे की नाही, याला काही शोधांमध्ये आता अधिक वजन दिले जाते. त्यावर काहींनी ‘चोवीस तास उघडे’ अशी खोटी नोंद करण्याची शक्कल काढली. ती नियमांविरुद्ध तर आहेच, शिवाय रात्री दहा वाजता कुलूप पाहून परतलेला ग्राहक जो अभिप्राय लिहितो त्याने ती चांगलीच महाग पडते.

स्वतंत्र संकेतस्थळाविषयी थोडक्यात सांगायचे तर, एक पानी का होईना पण स्वतःच्या मालकीच्या नावावर ते असावे. गूगलने लहान व्यवसायांना दिलेली फुकट संकेतस्थळांची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर विसंबलेल्यांचे पत्ते नाहीसे झाले, एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आता अभिप्रायांकडे वळता येईल. त्यांच्या आर्थिक परिणामाविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांचा, २०११ चा आहे. अमेरिकेतील सिॲटल शहरातील उपाहारगृहे आणि ‘येल्प’ या अभिप्राय-स्थळावरील तारांकन यांची सांगड घालून त्यांनी असे दाखवले की, एका ताऱ्याची वाढ झाल्यास उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते. मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांत दिसतो, साखळी उपाहारगृहांत दिसत नाही. हे आकडे जसेच्या तसे नाशिक वा कोल्हापूरला लावणे चुकीचे होईल, पण त्यामागचे कारण सर्वत्र लागू पडणारे आहे. साखळी दुकानाचा दर्जा ग्राहकाला नावावरूनच ठाऊक असतो, आणि अनोळखी, एकट्या दुकानाविषयी त्याला माहिती हवी असते, जी अभिप्राय पुरवतात. अभिप्रायांची व्यवस्था प्रामाणिक असेल तर तिचा सर्वांत मोठा लाभ लहान माणसाला होतो, हा या संशोधनाचा सर्वांत आशादायक निष्कर्ष आहे.

तथापि सरासरी तारांकन हे दर्जाचे सरळ मोजमाप नव्हे. फार खूश झालेला आणि फार चिडलेला ग्राहक लिहितो, मधला बहुसंख्य ग्राहक गप्प राहतो, त्यामुळे अभिप्राय दोन टोकांना, आणि त्यातही वरच्या टोकाला गोळा होतात, हे ऑनलाइन वस्तूंच्या अभिप्रायांच्या अभ्यासांतून २००९ पासून सुस्पष्ट झाले आहे. लेव्ह मुचनिक, सिनान आरल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका वृत्तस्थळावरील टिप्पण्यांना आरंभीच एक कृत्रिम अनुकूल मत दिले असता त्यांचे अंतिम गुण सरासरी पंचवीस टक्क्यांनी वाढलेले आढळले. पहिले मत पुढच्या मतांना वळण लावते. त्यात संख्येचे गणितही मिसळते. दहाच्या दहा अभिप्राय पाच ताऱ्यांचे असलेल्या दुकानाला एक ताऱ्याचा एकच अभिप्राय आला तर सरासरी ४.६ वर येते, तर असेच दोनशे अभिप्राय असलेल्या दुकानाची सरासरी ४.९८ राहते. कमी अभिप्राय असणे हीच लहान व्यवसायाची खरी दुर्बलता आहे, आणि तिच्यावर उतारा एकच : गप्प राहणाऱ्या मधल्या ग्राहकाला बोलते करणे.

त्यासाठी विचारणे गैर नाही, विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. बिलावर किंवा गल्ल्याशेजारी क्यूआर संकेत लावून, काम संपल्यावर व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवून, सर्व ग्राहकांना सारखीच विनंती करावी. खूश ग्राहकाला गूगलचा दुवा आणि नाराज ग्राहकाला खासगी तक्रार-अर्ज अशी चाळणी लावण्यास गूगलने २०१८ मध्ये मनाई केली, आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत वा फुकट चहा देणेही नियमबाह्य आहे. ‘मराठीत लिहिले तरी चालेल’ हे एक वाक्य त्या विनंतीत आवर्जून असावे, कारण इंग्रजीच्या संकोचाने नुसते तारे देऊन थांबणारा ग्राहक स्वतःच्या भाषेत पदार्थाचे नाव, कारागिराचा हात, गाडी लावण्याची जागा असे सर्व काही लिहितो. पुढचा ग्राहक तेच वाचतो आणि शोधयंत्रही त्याच शब्दांवरून व्यवसाय ओळखते.

उत्तर देण्याविषयी दावीदे प्रोसेर्पिओ आणि जॉर्जिओस झेर्वास यांचा २०१७ चा अभ्यास मार्गदर्शक आहे. टेक्सासमधील हॉटेलांनी ‘ट्रिपअॅडव्हायझर’वर अभिप्रायांना उत्तरे देण्यास सुरुवात केल्यावर अभिप्रायांची संख्या बारा टक्क्यांनी आणि सरासरी तारांकन ०.१२ ताऱ्यांनी वाढले. प्रतिकूल अभिप्राय संख्येने घटले, पण जे आले ते अधिक लांब होते. संशोधकांच्या मते मालक वाचतो आहे हे कळल्यावर मोघम, सटर-फटर तक्रार करण्यास लोक कचरतात. यावरून उत्तराचे स्वरूपही सुचते : ते थोडक्यात, सभ्य, ज्या भाषेत अभिप्राय आला त्या भाषेत, चूक असल्यास मान्य करणारे आणि ग्राहकाची खासगी माहिती उघड न करणारे असावे. दवाखान्यांच्या बाबतीत हे शेवटचे पथ्य विशेष कडक आहे, कारण रुग्ण आपल्याकडे आला होता एवढे जाहीरपणे सांगणेही गोपनीयतेचा भंग ठरू शकते. याच ओघात हेही नोंदवले पाहिजे की डॉक्टरांना आणि वकिलांना ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास व्यावसायिक आचारसंहितेची मनाई आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन स्थळांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश बार कौन्सिलला दिले. या दोन्ही व्यावसायिकांनी नाव, पत्ता आणि वेळ यांच्या अचूक नोंदीवर थांबणेच योग्य.

खोट्या अभिप्रायांचा प्रश्न या सर्वांच्या मुळावर येतो. लुका आणि झेर्वास यांच्या २०१६ च्या अभ्यासात बोस्टन परिसरातील उपाहारगृहांविषयीचे सुमारे सोळा टक्के अभिप्राय येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. ज्यांच्याकडे अभिप्राय थोडे आहेत किंवा ज्यांना नुकतेच वाईट अभिप्राय आले आहेत, त्यांच्याकडून खोटी स्तुती होण्याचा संभव अधिक दिसला, आणि स्पर्धा वाढली की खोटी निंदाही वाढली. मेझ्लिन, डोव्हर आणि शेव्हॅलिए यांनी २०१४ मध्ये, कोणीही लिहू शकेल अशा ट्रिपअॅडव्हायझरची आणि खोली आरक्षित केलेल्यांनाच लिहू देणाऱ्या ‘एक्स्पीडिया’ची तुलना करून तोच कल हॉटेलांबाबत दाखवला. म्हणजे अभिप्रायांचा सर्वाधिक लाभ ज्या स्वतंत्र लहान व्यावसायिकाला होतो, मोहही त्यालाच सर्वाधिक पडतो, आणि शेजाऱ्याच्या मोहाचा फटकाही त्यालाच बसतो. भारतात या बाजाराने आणखी भयंकर रूप घेतले आहे. ‘घरबसल्या काम’ म्हणून नकाशावरील ठिकाणांना तारे देण्यासाठी आरंभी किरकोळ पैसे द्यायचे आणि मग ‘टास्क’च्या नावाने हजारो-लाखो रुपये उकळायचे, अशा फसवणुकीच्या तक्रारी मुंबई-पुण्यात सातत्याने येत राहिल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा कामांच्या नावाने चालणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. जो दुकानदार एकगठ्ठा पन्नास अभिप्राय विकत घेतो तो ग्राहकाला तर फसवतोच, पण बेरोजगार तरुणांना लुटणाऱ्या याच बाजाराला हातभारही लावतो, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कायद्याची चौकट अजून अपुरी आहे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे, पण हे नियम ई-वाणिज्यापुरते आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खोट्या अभिप्रायांबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येचा आधार घ्यावा लागतो. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे ऑनलाइन अभिप्रायांचे मानक प्रसिद्ध केले, ज्यात लिहिणाऱ्याच्या पडताळणीचे मार्ग, संपादनावरील बंधने आणि प्रसिद्ध करणाऱ्या स्थळाच्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत, परंतु ते ऐच्छिक स्वरूपात आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांना बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून, आणि ब्रिटनमधील तशीच बंदी एप्रिल २०२५ पासून लागू झाली. खोट्या व बदनामीकारक अभिप्रायाविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली जाता येते, पण अप्रिय असला तरी खरा असलेला अनुभव हटवण्यासाठी त्या कलमाचा धाक दाखवणे अन्यायाचे आहे आणि बहुधा उलटतेही. नियमभंग करणाऱ्या अभिप्रायाची तक्रार पुराव्यासह नोंदीतूनच करावी, आणि निर्णय लागेपर्यंत त्याखाली शांतपणे वस्तुस्थिती लिहावी.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांश दिसू लागले आहेत. असे सारांश उपलब्ध मजकुरावरच उभे राहतात, त्यामुळे ज्या दुकानाविषयी मराठीत काहीच लिहिलेले नाही त्याच्याविषयी मराठीत सांगण्यासारखे यंत्राजवळही फारसे नसणार. नोंदी आणि अभिप्राय सांभाळण्याचे हे काम एकेकट्या दुकानदारावर सोडणे योग्य नाही. गावोगावच्या व्यापारी संघांनी आपल्या सभासदांच्या नोंदी वर्षातून दोनदा, दिवाळीपूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी, तपासून देण्याची व्यवस्था उभी करावी, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी आयएस १९००० हे मानक स्थानिक व्यवसायांचे अभिप्राय छापणाऱ्या सर्व स्थळांवर बंधनकारक व्हावे अशी मागणी लावून धरावी, आणि खोट्या अभिप्रायांनी फसलेल्या ग्राहकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आपली तक्रार नोंदवावी.